डगल्याचा अवमान

मधली वकिलीची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाली, आणि सगळ्यांना वाटलं, सुटली बिचारी. पण परीक्षा म्हणजे नुसता उंबरठा. त्याच्या आत एक खोली असते, खोलीत तीन जुने वकील बसलेले असतात, आणि तुमचं चारित्र्य सरळ आहे की वाकडं ते ही मंडळी ठरवतात. वकील ठरवतात! हे ऐकून धाकटीला हसता हसता ठसका लागला.

तीन बहिणींतली ही मधली, म्हणून घरीदारी मधलीच. थोरली लग्न होऊन लांब गेली होती. धाकटी कपडे शिवायची. मधली शाळेत भूगोल शिकवायची, आणि संसार मोडल्यावर धाकटीच्याच दोन खोल्यांत राहायला आली होती. तिथे शिलाई मशीनच्या खडखडाटात अभ्यास करून, दिवसा शाळा आणि संध्याकाळी लॉ कॉलेज असं करत, चाळिशीला टेकल्यावर तिने पदवी पदरात पाडून घेतली.

पुढच्या अटी तिला तोंडपाठ होत्या. पदवी हवी. परीक्षा पास हवी. मुरलेल्या दोन वकिलांनी 'आम्ही हिला ओळखतो, बाई सरळ आहे' असं लिहून द्यायला हवं. मग नाव कोर्टाच्या फळ्यावर लागतं, आणि कुणाची हरकत आली नाही की शपथ; आली तर त्या तीन वकिलांपुढे चौकशी. परीक्षेत वकिलाच्या नीतिमत्तेवर एक वेगळा पेपर असतो. कॉपी करताना सगळ्यांत जास्त उमेदवार त्याच पेपराला पकडले गेले, हे तिने शेजारच्या बाकावरून पाहिलं होतं. तरीही तिला वाटत होतं की ही झाली पोरंटोरं. आत पोचलेली माणसं वेगळी असतील.

आत पोचलेला एक माणूस तिच्या घरातच होता. आईचा भाऊ, मामा, वकील. मामांनी ऐटीत सही ठोकली. समोरच्या टेबलावर एक म्हातारे वकील डुलक्या घेत बसले होते, त्यांच्यापुढे कागद सरकवला.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"माझी भाची."

"चांगली आहे," म्हातारे म्हणाले आणि मान वर न करता सही करून मोकळे झाले. अशा रीतीने मधली चारित्र्यवान ठरली.

नाव फळ्यावर लागलं, आणि माशी शिंकली. हरकत आली. ती घेतली होती तिच्या पूर्वीच्या नवऱ्याने.

हा नवराही वकील. घरात त्याची स्वतःची आईसुद्धा त्याला वकीलसाहेब म्हणायची, मग बायकोची काय कथा! हरकतीत त्याने लिहिलं होतं की, 'व्यवसायाचा एक जबाबदार घटक या नात्याने, मनावर दगड ठेवून' तो कळवत आहे की, अर्जदार बाईने त्याचा वकिली गाऊन भररस्त्यात फेकला होता. ज्या बाईने त्या पवित्र वस्त्राचा असा अवमान केला, ती ते अंगावर घालायला नालायक आहे.

फेकला होता, यात खोटं काहीच नव्हतं. त्या सकाळी वकीलसाहेब नाश्त्याला बसले होते. मधलीने त्यांना दुसरा चहा दिला, तेवढ्यात दार वाजलं. दारात कोर्टाचा बेलीफ. नोटीस तिच्या नावाची, घटस्फोटाची. ती उलट्यासुलट्या बाजूने वाचून ती वळली, तर वकीलसाहेब पेपरात डोकं खुपसून चहा पीत होते. नोटीस पोस्टाने पाठवली असती तर ती उघडून विचारत बसली असती, म्हणून कायदेशीर मार्गाने बजावली, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. साखर थोडी कमी आहे, हेही सांगितलं.

खुर्चीच्या पाठीवर त्यांचा वकिलीचा काळा डगला, म्हणजे तो गाऊन, होता. तिने तो उचलला आणि खिडकीतून सोडून दिला. दोन मजले खाली तो एका मेकॅनिकच्या दुकानापुढे पडला. मेकॅनिकने वर पाहिलं, कुणी मागत नाही असं दिसल्यावर त्याने त्याच डगल्याने एका स्कूटरचं इंजिन पुसलं. झाला तो अवमान एवढाच.

हरकतीची बातमी कळताच मामा धाकटीच्या घरी धावत आले. खुर्चीवरचे कापडाचे तुकडे बाजूला सारून बसले आणि घाम पुसला.

"माझी सही अडकलीय त्यात," ते म्हणाले. "लोक मला काय म्हणतील?"

"मामा, फेकला तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही म्हणालात, बरं केलंस."

"घरात म्हणालो! घरातलं वेगळं, चौकशीतलं वेगळं. हे बघ, ऐक. डगला धुऊन खिडकीत वाळत घातला होता. वारा आला. उडाला. संपलं."

"वारा नव्हता."

"अगं, वाऱ्याला कोण साक्षीला बोलावणार आहे?"

धाकटी मशीन थांबवून म्हणाली, "म्हणजे ताई खोटं बोलली की ती खरी, आणि खरं बोलली की वाया गेलेली?"

"तुला कळत नाही त्यातलं," मामा म्हणाले. "तू बाह्या जोड."

मधलीला भीती वाटत होती, हे खरं. पाच वर्षं तिने संध्याकाळच्या चहाऐवजी कायद्याची कलमं गिळली होती. एक वारा म्हटलं की दार उघडणार होतं. दोन दिवस ती मनातल्या मनात तो वारा वाहवून बघत होती, आणि प्रत्येक वेळी तिला नवऱ्याचं चहा पिणारं तोंड दिसत होतं.

चौकशीची खोली कोर्टाच्या मागच्या इमारतीत होती. लांब टेबल, भिंतीवर दिवंगत अध्यक्षांच्या तसबिरी, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच पोटदुखी. मध्ये आताचे अध्यक्ष, सोनेरी काडीचा चष्मा लावून. डावीकडे एक जाडे सभासद, ज्यांचं लक्ष आगपेटीच्या काडीने दात कोरण्यात होतं. उजवीकडे एक वकीलबाई, कडक इस्त्रीच्या. या अध्यक्षांबद्दल कोर्टाच्या आवारात चहावालाही सांगत असे की ते दोन्ही बाजूंकडून फी घेतात. पण नाकाने कांदे सोलायला कुठे परवाना लागतो?

"बसा," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. "गंभीर आरोप आहे. पण आम्ही माणसं आहोत. त्या दिवशी, मला सांगा, हवा कशी होती?"

मधलीला क्षणभर कळेना. मग कळलं. मामा येऊन गेले होते.

"हवा स्वच्छ होती," ती म्हणाली.

"वारा?"

"नव्हता."

"थोडा तरी असेल," जाडे सभासद काडी काढून म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावर असतोच."

"मी भूगोल शिकवते, साहेब. पान हलत नव्हतं. गाऊन मी फेकला."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ठीक. पण आता पश्चात्ताप होत असेल."

"त्याच्या खिशात त्यांच्या आईची औषधं होती, ते मला माहीत नव्हतं. म्हातारीला दुपारपर्यंत थांबावं लागलं. त्याचं वाईट वाटतं."

"आणि गाऊनचं?"

"नाही."

अध्यक्षांनी मग लिहिणाऱ्याला मजकूर सांगायला सुरुवात केली. सदर गाऊन वाळत घातलेला असताना वाऱ्यामुळे खाली पडला असे अर्जदाराचे म्हणणे असून, झाल्या प्रकाराबद्दल अर्जदार दिलगीर आहे. कागद फिरवून त्यांनी तिच्यापुढे ठेवला, वर स्वतःचं पेन दिलं.

"सही करा आणि घरी जा. पुढच्या आठवड्यात शपथ."

मधलीने कागद वाचला. पेन तिने उचललं, हे ती नंतर धाकटीपाशी कबूल करणार होती. उचललं, आणि खाली ठेवलं.

"हे माझं म्हणणं नाही. तुमचं आहे. खाली तुम्ही सही करा."

जाड्यांच्या तोंडातली काडी थांबली.

"तुम्हाला वकील व्हायचंय ना?" अध्यक्षांचा आवाज आता गोड राहिला नव्हता. "मग मला नकार लिहावा लागेल."

"लिहा. नियमात आहे, नकाराला कारण द्यावं लागतं. कारण लिहा की, वारा नव्हता असं ही म्हणाली. मी अपील करेन आणि त्या बेलीफला साक्षीला बोलावेन."

मग इस्त्रीच्या बाई अध्यक्षांच्या कानाशी झुकल्या. कुजबुज मोठ्याने करायची त्यांना सवय असावी. "अपिलात गेली तर नोटीस बजावण्याची ती सगळी भानगड उघड्या कोर्टात वाचली जाईल. हरकत घेणाऱ्या वकीलसाहेबांना जज्ज व्हायचंय पुढच्या वर्षी. कशाला?"

अध्यक्ष भिंतीवरच्या तसबिरींकडे बघत राहिले, जणू तिथून कुणी मदतीला उतरणार होतं. मग त्यांनी मजकूर खोडायला लावला. हरकतीत तथ्य आढळले नाही, एवढं एकच वाक्य लिहिलं गेलं. म्हणजे डगला फेकलाच नव्हता. वाऱ्यानेही नाही, तिनेही नाही. तिघांनी सह्या केल्या आणि जेवायला उठले.

व्हरांड्यात वकीलबाईंनी तिला गाठलं. "तुमच्यासाठी नाही केलं मी हे."

"ऐकलं मी," मधली म्हणाली.

पुढच्या आठवड्यात शपथ झाली. शंभरेक नवे वकील एका सुरात सत्याशी इमान राखायचं कबूल करत होते, आणि मागच्या रांगेतले दोघे मोबाइलवर मॅच बघत होते. बाहेर मामा उभे होते. भेटेल त्याला सांगत होते, "भाची. माझाच शब्द चालला. अध्यक्ष आपले जुने मित्र." मधलीकडे वळून ते म्हणाले, "उद्यापासून माझ्या ऑफिसात ये. खिडकीजवळचं टेबल देतो."

"नको, मामा."

"अगं, एकटी काय करशील? इथे ओळखीशिवाय कुत्रं विचारत नाही."

"बघते मी."

मामा दुखावले. लोकांना सांगायची गोष्ट अर्धी राहिली, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तिला त्यांचा राग आला नाही, कीव आली, आणि कीव आली याचंच जास्त वाईट वाटलं. लहानपणी याच माणसाचा काळा कोट बघून तिला कायदा म्हणजे केवढी मोठी गोष्ट वाटली होती.

धाकटीने विचारलं, "ताई, एवढी दमून मिळवलंस, खूश दिसत नाहीस."

"आहे ना. उंदीर कुठे कुठे आहेत ते कळलेल्या घरात राहायला आलेय, इतकंच."

कोर्टाच्या आवारात जिन्याखाली एक टेबल मोकळं होतं. एक पाय लंगडा. मधलीने त्याच्याखाली विटेचा तुकडा सरकवला, हलवून पाहिलं, आणि समोरच्या बाकावर मघापासून कागद घट्ट धरून बसलेल्या म्हाताऱ्या बाईला म्हणाली, "आजी, या इकडे. काय झालंय ते सांगा. जसं झालं तसं."