पाण्यातली कवळी

"तोंड उघडा, आत्याबाई."

ललिताबाईनं सासूच्या जिभेवर औषधाचे थेंब सोडले आणि कापसाच्या बोळ्यानं टाळूवरचा पांढरा थर पुसला. जरा जोरातच. पार्वताबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सुनेला बरं वाटलं.

"माही कवळी दे. पाव्हने येऊन राहिले."

"डॉक्टरनं मना केलं. बुरशी जाईपर्यंत दिवसाही नाही लावाची."

हे सपशेल खोटं होतं. भंडाऱ्याच्या दातांच्या डॉक्टरनं फक्त रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायला सांगितलं होतं. बोळकं तोंड घरच्यांनीही पाहू नये, असा म्हातारीचा तोरा. म्हणून ती झोपतानाही कवळी काढत नसे आणि त्यातूनच हे दुखणं उपटलं होतं. आता कवळी कपाटात वाटीभर पाण्यात पडली होती आणि कपाटाची किल्ली ललिताबाईच्या कमरेला होती.

आज तिच्या लेकीचं, मोनाचं, साक्षगंध. नातीच्या साक्षगंधात मिरवायला म्हातारीनं नवं लुगडं काढून ठेवलं होतं. बसा म्हणावं आता घरात!

ललिताबाई नवी नवरी होती तेव्हा तिच्या हिरड्या पिकल्या होत्या. दवाखाना राहिला बाजूला, हळदीकुंकवाच्या दिवशी सासूनं तिला कोठ्यालगतच्या खोलीत गुरांच्या वासात बसवलं आणि अंगणात हसत सांगितलं, "तिच्या तोंडाले ढोर मेल्यावानी वास येते." बायका खो खो हसल्या होत्या. ते हसू ललिताबाईनं इतकी वर्षं विझू दिलं नव्हतं.

पाहुणे आले. मोनाच्या होणाऱ्या सासूनं विचारलं, "आजी नाही दिसून राहिल्या?"

"त्याईचं तोंड आलं हाये," ललिताबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "लय वास येते."

दोघी-तिघी फिसकन हसल्या. ललिताबाईच्या काळजात थंडावा पसरला.

म्हातारीचा चेहरा पाहायचाच म्हणून ती पेजेची वाटी घेऊन आत गेली. खाट रिकामी होती. नवं लुगडं नेसलेली म्हातारी कोठ्यालगतच्या खोलीत, धानाच्या पोत्याला टेकून, तोंडावर पदर धरून बसली होती.

"इथं काहून बसल्या?"

"डॉक्टर रातचंच म्हनला होता," पार्वताबाई पदराआडून म्हणाली. "माह्यासमोरच तं बोलला."

ललिताबाईनं विचारलं, "मंग सकाळीच काहून नाही बोलल्या?"

म्हातारी अंगणातल्या गलक्याकडे कान देऊन होती.

"इथून सारंच आयकू येते वो," ती सावकाश म्हणाली. "मले वाटे, त्या दिवशी तुले काई आयकू नसन आलं."

ललिताबाईनं वाटी खाली ठेवली. कमरेची किल्ली काढायला गेली, पण गाठ लवकर सुटेना.

"राहू दे," पार्वताबाई म्हणाली. "पाव्हन्याईले वाढ."