बिनमोजणीचा तास

कारेगावजवळच्या त्या वायरिंगच्या कारखान्यात वायरींच्या जुड्यांना टेप गुंडाळायचं काम, आणि दर तासाचे नग फळ्यावर लिहीत. चाळीस भरले तर हिरव्या शाईत, एक जरी कमी पडला तरी लाल. अशा ठिकाणी लाइन लीडर सीमाने शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला होता. त्या तासात मोजणी नाही, कामाची नवी रीत शोधायची. मारुतराव साहेबांनी तीन शनिवार दिले. काही निघालं नाही तर तास बंद.

दोन शनिवार बायकांनी टेबलं पुसली. आरशासारखी केली अगदी.

आज तिसरा. साहेब स्वतः येऊन उभे राहिले, तशा बारा जणी पुन्हा फडकी शोधू लागल्या. यांना डोकंच नाही, असं साहेबांचं मत. सीमाला मात्र खरं काय ते पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः आठ वर्षं याच टेबलांवर राबली होती. गप्प बसावं तर तास जाणार, बोलावं तर कदाचित लीडरची जागा. ती बोललीच.

"साहेब, मी लाइनवर होते तवा तासाला अठ्ठेचाळीस नग व्हायचे माझे. दाखवले चाळीसच. आठ वर्सं."

"म्हणजे कंपनीला फसवलंत?"

"व्हय. टेप टोकाकडनं लावली की वायर सरकती. मी मधनं सुरू करायची. सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी समद्यांना अठ्ठेचाळीस लावले असते तुम्ही."

मग सगळ्यांत जुन्या मालनबाईंनी पिशवीतून पाइपचा चिरलेला तुकडा काढला, त्यात वायरी अडकवल्या आणि मोकळ्या हातांनी सरसर टेप गुंडाळली. निम्म्या वेळात नग तयार.

"चार वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही आला की लपवती."

सीमाला आपल्या बायकांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. साहेब तर खूश होऊन चाळीसचा आकडा पुसायला फळ्याकडे निघालेच. ती आडवी उभी राहिली.

"वाढवा खुशाल. पर अजून अकरा पिशव्या बंद हायेत, त्या मग उघडायच्या न्हाईत."

साहेबांनी एकेका टेबलाकडे पाहिलं. कुणीही नजर खाली घातली नाही.

"चाळीसच राहू दे," ते अखेर म्हणाले. "सहा महिने."

"वर्सभर."

"बरं. वर्षभर."

"फळ्यावर लिवा, साहेब. सही करून."

त्यांनी लिहिलं, खाली सही केली. तेव्हा कुठे दुसरी पिशवी उघडली.