कुंताच्या मनगटातली रिकामटेकडी

मी एक शीर बोलतेय. रक्ताची नव्हे हं, दोरीसारखी पांढरी. कुंताच्या उजव्या मनगटात त्रेचाळीस वर्षं नुसती पडून होते. बाकीच्या शिरा दिवसभर बोटं ओढायच्या, मी आपली बघत राहायचे.

कुंताचा नवरा डोमा तळ्यात जाळं टाकतो. जाळं विणायचं, फाटलं की सांधायचं, ते कुंतानं. मागच्या साली जाळं पाण्यातल्या खुंटात अडकलं, कुंताच्या हातातल्या दोरीनं हिसका दिला आणि तिच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा निसटला. "लचकला असन," म्हणत तिनं चिंधी बांधली. वर्षभरात गाठ मारायला दोरा चिमटीत धरला की अंगठा बाहेरच कलंडायला लागला.

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांध्याला धरून ठेवणारा बंध तुटलाय. मनगटातली एक शीर काढून तिथे ओवू."

डोमा घाबरला. "शीर काढसान त रगत कुठून जाईन, बाई?"

"रक्ताची नाही हो. ही रिकामीच असते. काहींना तर जन्मापासून नसतेच."

झालं! चारचौघांत अब्रू गेली माझी.

हाडाला भोक पाडून मला ओवलं, ताणून बसवलं. पहिल्यांदाच कुणी माझ्यावर भार टाकला. सहा आठवडे प्लास्टरच्या आत मी हाडाला धरायला शिकत होते.

प्लास्टर निघालं तेव्हा अंगठा कडक होता. काही दिवस कडक राहणं हेच माझं काम, हे कुंताला कुणी समजावून सांगितलंच नाही. शेजारची रीता आली. "बाई, तुही शीर आखडली. ओढल्याबिगर मोकळी नाई होत." आमच्याकडे पोटरीत गोळा आला तरी शीर, मान धरली तरी शीर. औषध एकच. रोज सकाळी रीता मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळून अंगठा ओढायची.

"दुखून राह्यलं वो!"

"दुखू दे. सुटून राह्यली न!"

सुटलेच मी. विसाव्या दिवशी हाडातून निघाले.

काल डॉक्टरीणबाईंनी अंगठा हलवून पाहिला. "सांधा झिजलाय. आता तो कायमचा जाम करावा लागेल. विळा धरता येईल."

"आन् जाळ्याची गाठ?"

"तेवढं बारीक काम... नाही सांगता येत, कुंताबाई."

घरी आली तर रीता तेलाची वाटी घेऊन दारात उभी. "का म्हणे डॉक्टरीण?"

"काई नाई वो. सांधा झिजला म्हणे."

रीतानं हात मागितला, कुंतानं दिला. मला ओरडायला तोंड नाही. तुम्हाला आहे. तिच्या दारावरून गेलात तर दोघींना तेवढं सांगा, शीर आखडली नव्हती, ओढल्यानंच सुटली.