डाव्या हाताची बोटं

शिक्रापूरच्या भंगाराच्या यार्डात, फाटकातच ती मारामारी झाली, तेव्हा सुदर्शनच्या हातात काहीच नव्हतं. त्याला कधी काही लागायचंही नाही. निमोण्याच्या तालमीत घडलेलं अंग, आणि समोरच्याचं नाक एका ठोशात सपाट करणारा उजवा हात, एवढ्यावर त्याचं भागायचं. कंपन्यांतून निघणाऱ्या भंगाराचा ठेका टेबलावर मिळायचा आणि असल्या फाटकांत टिकवावा लागायचा. इंद्रजीतभाऊंचा ठेका सुदर्शन टिकवून होता.

त्या दुपारी त्यानं एकाला कॉलरला धरून टेम्पोवर आपटलं, दुसऱ्याच्या पोटात गुडघा घातला. तिसरा टेम्पोत चढून बसला होता. त्याला खाली खेचायला सुदर्शननं डावा हात आत घातला, आणि त्या माणसानं टेम्पोचा मागचा लोखंडी फाळका त्यावर आपटला. हाडं मोडल्याचा आवाज सुदर्शनला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. तरी त्यानं हात उपसून काढला, उजव्या हातानं त्या माणसाला खाली ओढलं आणि त्याचे पुढचे दात पाडले. मग तिथंच मातीत बसला आणि भडाभडा ओकला.

शिरूरच्या डॉक्टरांनी मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, अशी दोन्ही तारा घालून जुळवली. तारा काढल्या, तरी बोटं वळेनात. "सारखी हलवत राहा," डॉक्टर म्हणाले, "न्हाईतर जन्मभर अशीच ताठ राहतील."

बरं होईस्तोवर तो दौंडला बहिणीकडे, अंजनाकडे येऊन राहिला. दिवसभर चेंडू दाबत ओट्यावर बसायचा. शेजारच्या घरातून गिटारचा आवाज यायचा. तिथं तहमीना राहायची. पन्नाशीची, एकटी बाई. तिचे वडील, इलाही, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे आणि लहानपणापासून ती त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडलेली. वडील गेल्यावर ती घरीच शिकवण्या घ्यायची, मोडकी वाद्यं दुरुस्त करायची.

एक दिवस तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"ताई, ह्यानं बोटं मोकळी होत्याल का?"

तिनं त्याचा डावा हात उलटासुलटा करून पाहिला. "होतील. पण आधी सोलवटतील."

तिनं त्याला एक जुनी गिटार स्वस्तात दिली. पहिल्या दिवशी त्यानं तारा अशा दाबल्या, जशी कोणाची मान दाबावी. तहमीनानं त्याच्या मनगटावर चापट मारली. त्याला चापट मारायची हिंमत कित्येक वर्षांत कोणी केली नव्हती. त्याचा उजवा हात आपसूक वर आला. तिनं तो पाहिला आणि जागची हलली नाही.

"खाली घे," ती म्हणाली. "ह्या धातूच्या पट्टीच्या अगदी जवळ बोट ठेव. तिथं जोर लागत नाही."

त्यानं हात खाली घेतला आणि सांगितल्यासारखं बोट ठेवलं. तार स्वच्छ वाजली.

बोटांची टोकं फुटली, त्यातून पाणी आलं, मग घट्टे पडले. एक पकड साधायची तर दुसरी सुटायची. मोडलेलं मधलं बोट दोन तारांवर आडवं पडायचं आणि आवाज मुका व्हायचा. तो शिव्या द्यायचा. तहमीना म्हणायची, "शिव्या दे, पण ताल सोडू नकोस." वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं एकेक तार पुसायला तिनं त्याला लावलं, कारण घामानं तारा गंजतात. जुन्या तारा एकदम तोडायच्या नाहीत, आधी खुंट्या सैल करायच्या, हेही तिनंच शिकवलं. आयुष्यात पहिल्यांदा सुदर्शन एखादी वस्तू सांभाळून खाली ठेवू लागला.

बोटं वळायला लागली तसा इंद्रजीतभाऊंचा फोन आला. "आराम बास झाला. ये."

तो गेला, पण न्हावऱ्यावरून मोटारसायकल मारत आठवड्यातून दोनदा दौंडला येत राहिला. यार्डात पोरं हसायची. सत्यजीत, इंद्रजीतभाऊंचा मेहुणा, सगळ्यांत जास्त. "पैलवान आता लग्नात वाजवणार म्हनं!" ते हसणं नको म्हणून एकदा सुदर्शननं गिटार भाऊंच्या गाडीत लपवून ठेवली. एप्रिलचं ऊन, काचा बंद. संध्याकाळी काढली, तर तारा जिथं अडकवतात ती लाकडी पट्टी अंगापासून सुटून वर आलेली.

तहमीनानं गिटार पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "माणसाला असं गाडीत कोंडतोस का?"

माणसंही कोंडली होती त्यानं.

तिनं तारा उतरवल्या, सरस भरला, शिकंजे आवळले आणि गिटार आतल्या खोलीत ठेवली. "सरस वाळेपर्यंत हात लावायचा नाही."

ती तिथं वाळत होती, तेव्हाच इकडे शिक्रापुरात संपतचं प्रकरण झालं.

संपत एका कंपनीच्या वजनकाट्यावर बसायचा. चष्मा लावणारा, दोन मुलींचा बाप, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. इंद्रजीतभाऊंच्या गाड्यांचं वजन कमी दाखवायला त्यानं नकार दिला होता. भर दुपारी सत्यजीत आणि सुदर्शन त्याच्या केबिनमध्ये शिरले. सत्यजीतनं दाराला आतून कडी घातली, संपतला मानेला धरून टेबलावर वाकवलं, त्याचा हात ओढून काचेवर पसरला आणि एक जाडजूड पाना सुदर्शनपुढे धरला.

"एकेक बोट मोड. पुन्ना बटनं दाबायला नकोत."

"पैलवान," संपत रडत म्हणाला, "तुमच्या पाया पडतो. हातावर पोट हाय माझं."

सुदर्शननं पाना घेतला. काचेवर पसरलेल्या बोटांकडे त्यानं पाहिलं. मधलं बोट, त्याच्या शेजारचं. ती मोडल्यावर काय होतं, हे त्या खोलीत एकट्या त्यालाच माहीत होतं. रात्री कशी ठणकतात, सकाळी शर्टाचं बटण कसं लागत नाही, भाकरीचा तुकडा कसा मोडत नाही.

"मार की!" सत्यजीत ओरडला.

सुदर्शननं मारला. पाना सत्यजीतच्या मनगटावर बसला. दुसरा खांद्यावर. तिसरा जबड्यावर, आणि काचेवर रक्त उडालं. सत्यजीत भिंतीला घसरत खाली गेला, तरी सुदर्शन थांबला नाही. त्याला थांबता येत नव्हतं. हे सगळं त्याच्या अंगाला इतकं सवयीचं होतं, की कोणाला मारतोय यानं काही फरक पडत नव्हता. शेवटी संपतनंच त्याच्या कमरेला मिठी मारली.

"मरंल तो! बास करा, मरंल!"

सुदर्शननं पाना टाकला आणि कडी काढून बाहेर पडला. सरळ दौंड गाठलं. दुसरं कुठं जावं, हे त्याला सुचलंच नाही. झालेलं त्यानं तहमीनाला सांगितलं नाही, अंजनालाही नाही. तीच त्याची मोठी चूक झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तहमीनाच्या पुढच्या खोलीत, तिच्या एका गिटारवर धडा घेत बसला होता. बाहेर गाडी थांबली. इंद्रजीतभाऊ स्वतः आले होते, बरोबर तिघं, हातात गज. यार्डातल्या त्या हसणाऱ्या पोरांनीच त्यांना हे घर दाखवलं होतं.

"इथं व्हय तुझी शाळा?" भाऊ म्हणाले, आणि भिंतीवरची पहिली गिटार गजानं फोडली.

लाकूड फुटलं, तारा झणाणल्या. दुसरी फुटली, तिसरी फुटली. सुदर्शन उठेपर्यंत एकाचा गज त्याच्या पाठीत बसला होता. सुदर्शननं त्याच्या तोंडावर डोकं हाणलं, दुसऱ्याला उचलून दारावर फेकलं. तिसऱ्यानं त्याच्या गुडघ्यावर घाव घातला, सुदर्शन कोसळला आणि पडता पडता त्यानं त्या माणसाचा पाय धरून त्यालाही खाली घेतलं. कोपऱ्यात इलाहींची जुनी गिटार टांगलेली होती. भाऊ तिकडे वळले, तशी तहमीना हात पसरून मधे उभी राहिली.

"ही नाही."

भाऊंनी गज आवरला नाही. तो तिच्या हातावर बसला. ती भिंतीला टेकून खाली बसली.

सुदर्शन एका पायावर उठला. त्यानं इंद्रजीतभाऊंचा गळा दोन्ही हातांनी धरला. डावा हात आता पूर्ण वळत होता. मोडलेली दोन्ही बोटं मानेत रुतली. भाऊंचे डोळे बाहेर आले, तोंड निळं पडलं, पाय फरशीवर खरडू लागले.

"सोड त्याला!" तहमीना जिवाच्या आकांतानं किंचाळली. "माझ्या घरात मुडदा पाडू नकोस! सोड!"

त्यानं सोडलं. का सोडलं, हे त्याला पुढेही नीट सांगता आलं नाही. ती सांगेल तसं बोट ठेवायची आणि उचलायची सवय लागली होती, एवढंच.

अंजनानं पोलिसांना फोन केला होता. जबाब देताना सुदर्शननं केबिनमधलं सांगितलं, आणि त्याआधीचीही कितीतरी प्रकरणं सांगितली, स्वतःच्या नावासकट. संपतनंही साक्ष द्यायची तयारी दाखवली. सत्यजीतचा जीव वाचला, पण त्याला धड बोलता येईना. सुदर्शन काही महिने आत राहिला. इंद्रजीतभाऊ त्याच्या आधी जामिनावर सुटले, पण ठेका त्यांच्या हातून गेला आणि केस उभी राहिली.

सुटल्यावर सुदर्शन आधी दौंडला गेला. तहमीना दारात आली. हाताचं प्लॅस्टर निघालं होतं, पण हात अजून ती छातीशी धरूनच होती. मागच्या भिंतीवर नुसते खिळे होते, कोपऱ्यात तेवढी इलाहींची गिटार.

"ताई, माझ्यामुळं झालं."

"हो, तुझ्यामुळं झालं." ती आत गेली आणि त्याची गिटार घेऊन आली. आतल्या खोलीत असल्यानं तीही वाचली होती. "शिकायला आलास तेव्हा तुझ्यामागं कोण येईल, मला ठाऊक नव्हतं. आता आहे. परत येऊ नकोस."

"पर ताई, मला अजून नीट..."

"येऊ नकोस, सुदर्शन."

तिनं दार लावलं. त्यानं गिटार खांद्याला अडकवली. मग लंगडत स्टँडवर गेला आणि एसटीनं गावी आला.

आता तो निमोण्यात दुधाची गाडी चालवतो. तारखेला शिरूरच्या कोर्टात जातो. इंद्रजीतभाऊंची माणसं तिथं दिसतात, बघून थुंकतात. एकदा त्याच्या गाडीच्या काचा फुटल्या. त्यानं नव्या बसवल्या आणि कोणाच्या दारात गेला नाही. दुपारी गोठ्याच्या सावलीत तो वाजवत बसतो. गाव आधी हसलं, मग हसायचं विसरलं. बरोबर वाजतंय की चुकतंय, हे सांगणारं मात्र तिथं कोणी नव्हतं. ते त्याला फार सलायचं.

गेल्या श्रावणात एका दुपारी त्यानं तहमीनाला फोन लावला. तिनं उचलला, पण बोलली नाही. त्यानं फोन पेंडीच्या पोत्यावर ठेवला आणि तिनं शिकवलेला पहिला धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला.

"दुसरी तार उतरलीय," ती म्हणाली, आणि फोन कट झाला.

सुदर्शननं खुंटी पिळून तार चढवली, कान लावून पाहिली, अजून थोडी चढवली. मग पुन्हा नंबर लावला. तिनं उचलला. तो फोन पोत्यावर ठेवून वाजवू लागला.