दोघींच्या खुर्च्या

न्यूमोनियाने थोरलीला पार पिळून काढलं होतं. दवाखान्यातून घरी आली ती नुसती हाडांची मोळी. खुर्चीतून उठायलाही कुणाचा तरी हात लागायचा. मुलगा-सून दिवसभर कामावर, तेव्हा सोबतीला धाकटी जाऊ आली, पिशवी घेऊन, न बोलावता.

दोघींचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं. ‘आता ही माझ्यावर हुकूम गाजवणार,’ थोरलीच्या मनात आलं. झालंही तसंच. सकाळी अंडं, दुपारी घट्ट डाळ, संध्याकाळी वाटीभर दही.

"तोंडाला चव नाही गं. चहा-बिस्किट दे नुसतं."

"त्याने मांडीत जोर येतो होय? थोडं थोडं खा, जाऊबाई, पण खा."

घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या ताईंनी हात न टेकता खुर्चीतून उठायला शिकवलं होतं. थोरली जराशी वर यायची की धप्पकन खाली. एकदा धाकटी वैतागली. "त्यात काय एवढं? हे बघा!" म्हणत समोरच्या खुर्चीत बसली, हातांची घडी घातली, जोर लावला. चेहरा लालबुंद झाला, खुर्ची करकरली, बाई मात्र ढिम्म.

थोरलीला हसू आवरेना. "ताईंना सांगू का, अजून एक पेशंट आहे म्हणून?"

धाकटीही डोळे पुसत हसली. मग हळूच म्हणाली, "भावजी गेले, तरी तुमच्याकडे मुलगा-सून आहेत. आमचे हे गेल्यापासून मी एकटी. एकटीसाठी कोण रांधतं? चहा-बिस्किटावरच भागवते मीही."

आपण कधी साधं विचारलंही नाही, हे थोरलीला लागलं. तिने अंड्याची ताटली पुढे सरकवली. "घे. अर्धं तुझं."

"अर्ध्याने काय होतंय? मी दुसरं उकडते."

तेव्हापासून दोघी समोरासमोर बसून जेवायच्या आणि समोरासमोरच उठाबशा काढायच्या, एकमेकींना टोमणे मारत. थोरलीच्या पोटात अन्न जाऊ लागलं, पायांत जीव आला.

एका सकाळी बेल वाजली. धाकटी न्हाणीघरात होती. थोरली उठली, भिंतीच्या कडेने गेली, दार उघडलं. दारात ताई. "अहो आजी, तुम्ही? एकट्या?" त्यांनी असं विचारल्यावर कुठे थोरलीच्या ध्यानात आलं, की आपण कुणाच्या हाताशिवाय उठलो.

ओले केस पुसत धाकटी बाहेर आली, तशी थोरलीने तिचा हात धरला. आधारासाठी नव्हे.

"तू आलीस म्हणून मी उभी आहे गं."

"इश्श, काहीतरीच!" म्हणत धाकटीने तोंड फिरवलं, पण हात काही सोडवून घेतला नाही.