कॉपीराइट समितीने बंद केलेलं मशीन

मित्रांनो, मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं एक जुनं झेरॉक्स मशीन आहे. माझा जन्म कारखान्यात झाला, मला खोक्यात घालून इथे आणलं, हमालांनी जिना चढताना मला शिव्या घातल्या, वगैरे वगैरे. ते सगळं तुम्ही निबंधात लिहिता तसंच घडलं. मला बोलायचं आहे ते इथल्या विद्वानांबद्दल. यंत्राने माणसांना तुच्छ लेखू नये म्हणतात. म्हणतं कोण? माणसंच.

माझी जागा पहिल्या मजल्यावर, राखीव पुस्तकांच्या कपाटाशेजारी. अख्ख्या वर्गाला लागणाऱ्या पुस्तकाची ग्रंथालयात एकच प्रत असली की ती राखीव होते. ती घरी नेता येत नाही. तिथेच बसून वाचायची, नाहीतर हवं ते प्रकरण माझ्याकडून काढून घ्यायचं. परीक्षा जवळ आली की माझ्यापुढे रांग लागे. माझी काच तापे, पोटात कागद अडके, मग कुणीतरी कुशीत एक थाप मारी आणि मी पुन्हा कामाला लागे.

त्या रांगेत एक मुलगी यायची. तिची नजर फार अधू होती. पान नाकाला टेकवलं तरी पुस्तकातली बारीक अक्षरं तिला दिसत नसत. मी तिला प्रकरणं दुप्पट मोठ्या अक्षरात काढून द्यायचो. बरोबर तिची मावशी असे, शिवणकाम करणारी, जरा फटकळच. कागद हातात पडला की मुलगी पहिली ओळ वाचून बघे आणि म्हणे, "दिसतंय गं, मावशी." मला एवढं ऐकायला फार आवडायचं. बाकीच्यांनी माझं कौतुक केलं असेल, पण ते माझ्या लक्षात नाही.

आता विभागप्रमुखांकडे वळतो. इच्छा नाही, पण त्यांच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. या गृहस्थांनी बाजारात विकत मिळणारं एक जाडजूड पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझ्यावर छापून घेतलं, तेही साऱ्या वर्गासाठी. वर नवं मुखपृष्ठ चढवलं. त्यावर मूळ लेखकाचं नाव कुठेच नव्हतं, आणि 'संकलन' म्हणून स्वतःचं नाव मात्र लांबून दिसेल एवढं होतं. व्हायचं तेच झालं. प्रकाशकाच्या वकिलाची नोटीस आली आणि साहेबांची पाचावर धारण बसली.

मग दोष कुणाचा ठरला? अर्थात माझा! तातडीने एक कॉपीराइट समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष झाले तेच विभागप्रमुख. समितीने कायद्याचं एक अक्षरही न वाचता ठरवून टाकलं की यापुढे ग्रंथालयात कोणत्याही पुस्तकाचं एकही पान काढून द्यायचं नाही. माझ्या झाकणावर सूचना चिकटवली, वायर गुंडाळून ठेवली. एखादं प्रकरण अभ्यासासाठी घेणं वेगळं आणि सबंध पुस्तक लाटणं वेगळं, हे ग्रंथपालबाईंना चांगलं ठाऊक होतं. पण त्या मूग गिळून बसल्या. त्यांची बढती समोर होती.

परीक्षेच्या तोंडावर ती मुलगी आणि मावशी एका प्रकरणासाठी आल्या. नेमकी त्याच सकाळी माझी वायर सोडलेली होती. पुढच्या बैठकीआधी सदस्यांना कायदा समजावा म्हणून साहेबांनी कॉपीराइटची एक नवीकोरी मार्गदर्शिका मागवली होती, आणि ती अख्खी पुस्तिका ते प्रत्येक सदस्यासाठी ग्रंथपालबाईंकडून झेरॉक्स करून घेत होते! पहिल्याच पानावर छापलं होतं की परवानगीशिवाय या पुस्तकातला मजकूर उतरवू नये. बाईंनी ते पान माझ्या काचेवर ठेवलं, कडा सरळ केल्या आणि झाकण लावलं. मी त्याच्या प्रती काढल्या. यंत्राला नाही म्हणता येत नाही, आणि या लोकांना लाज वाटत नाही.

मावशी म्हणाली, "अहो, मशीन चालू आहे की! हिचं तेवढं एक प्रकरण काढून द्या ना."

"बंद आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. मी तेव्हा धडधडत होतो.

"मग हे काय चाललंय?"

"हे समितीचं काम आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही मागताय तो कॉपीराइटचा भंग आहे. जरा कायदा समजून घ्या."

मुलीने माझ्या तबकातला एक कागद उचलला आणि डोळ्यांशी धरला. मार्गदर्शिकेतले मुख्य नियम चौकटीत, मोठ्या जाड अक्षरांत दिले होते. ती अडखळत वाचू लागली, "छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकाला... वाचता येईल अशा स्वरूपात... प्रत काढून देता येते." मग तिने मान वर केली. "सर, हे माझ्याबद्दलच आहे ना?"

ग्रंथपालबाई छताकडे बघू लागल्या. साहेबांनी तिच्या हातातून कागद काढून घेतला. "ही प्रत सदस्यांसाठी आहे. बाहेरच्यांना देता येत नाही. तुमचा मुद्दा बैठकीत ठेवू."

"बैठक कधी आहे?"

"परीक्षेनंतर."

मावशीने हार मानली नाही. तिने राखीव पुस्तक मागून घेतलं आणि टेबलाशी बसून ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शाळेनंतर तिचं शिक्षण झालेलं नव्हतं. अवघड शब्दाशी ती थांबे, तो शब्द मुलगी पुरा करी आणि दोघी पुढे जात. तेवढ्यात ग्रंथपालबाई आल्या. "इथे मोठ्याने वाचायचं नाही. आणि पुस्तक बाहेर न्यायचं नाही." दोघींनी पुस्तक तिथेच टेबलावर ठेवलं आणि त्या निघून गेल्या.

मुलगी त्या विषयात नापास झाली. बैठकीत सदस्यांनी माझ्या प्रतींवर चहाचे कप ठेवले, बंदी कायम केली आणि अध्यक्षांचे आभार मानले. काही दिवसांनी मावशी ग्रंथालयाचं कार्ड परत करायला आली.

"शिक्षण सोडलं का हो तिने?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"सोडलं नाही," मावशी म्हणाली, "तुम्ही सोडवलंत."

बाईंनी खाली मान घालून कार्डावर शिक्का मारला. मला संताप आला, पण नुसता संताप येऊन काय उपयोग? माझी वायर त्यांच्या कपाटात होती.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. खुशाल भंगारात द्या मला. पण उद्या शिकूनसवरून तुमच्यातलं कुणी अशा एखाद्या समितीवर बसेल, आणि समोर कुणी कागद डोळ्यांशी धरून विचारत असेल की हे माझ्याबद्दलच आहे ना, तर 'हो' म्हणा. आणि तो कागद तिच्या हातात राहू द्या.