रेघेबाहेरचा ठिपका

सासूबाईंनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कॉलनी म्हटलं की त्यांना पाहुणे म्हणून आलेले आणि मालक होऊन बसलेले परके आठवतात. शेजारणींना आमची कॉलनी आठवते, म्हणजे चार बिल्डिंगा, एक बाक आणि नको तितक्या चौकशा. मी लॅबमध्ये काम करते. माझी कॉलनी काचेच्या बशीत वाढते. एका जंतूचे लाखो होतात, तेव्हा कुठे एक ठिपका दिसतो.

या महिन्यात तिन्ही कॉलन्या एकदमच गळ्यात पडल्या. सासूबाईंचा गुडघा बदलला आणि मागोमाग ताप चढला. गुडघ्यातलं पाणी तपासायला आमच्याच लॅबमध्ये आलं. जंतू निघाले तर गुडघा पुन्हा उघडायचा, आणि त्यांचं हृदय दुसऱ्यांदा भूल सोसेल याची खात्री डॉक्टर देईनात.

"माझ्या गुडघ्यात कुणी वसाहत थाटलीय का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"उगाच काहीतरी बोलू नका," मी खेकसले. आमचं बोलणं असंच असतं. बाकावरच्या शेजारणींनी तर गुडघा पुन्हा उघडणारच, असा निकालही लावून टाकला होता.

सकाळी बशी उजेडात धरली. पांढरा ठिपका. एकच, पण चांगला ठसठशीत. मी आमच्या मॅडमना बोलावलं.

त्यांनी बशी फिरवून पाहिली. "घरचं माणूस असलं की तुझं डोकं ठिकाणावर नसतं का? रेघा बघ की."

तारेच्या टोकाने नमुना बशीवर नागमोडी रेघांत पसरतात. गुडघ्यातले जंतू त्या रेघांवरच उगवणार. हा ठिपका पार कडेला बसला होता. हवेतून पडलेला मेला उपरा. तरी मॅडमनी नवा नमुना मागवला, आणि त्या बशीत काही म्हणजे काही उगवलं नाही. ताप छातीतल्या कफाचा होता, तो औषधाने उतरला.

मी धावतच वॉर्डात गेले. "कुणी राहत नाही तुमच्या गुडघ्यात," एवढं म्हणाले आणि रडूच फुटलं.

सासूबाईंनी चादरीच्या टोकाने माझं नाक पुसलं. "एवढी घाबरली होतीस? आणि वर माझ्यावरच खेकसत होतीस."

"मग काय करू? तुम्ही नसलात तर मी भांडू कुणाशी?"

"बरं, पुरे आता. मला घरी ने. बाकावरची माझी जागा एव्हाना कुणीतरी बळकावली असेल, तिला उठवायचंय."